घर, दिवस अकरावा

३ मार्च, दिवस पहिला

आले एकदाची. दार लागेपर्यंत सूत्रसंचालक हसत हसत हात हलवत होता आणि मीही खुळ्यासारखी हात हलवत राहिले, दार लागल्यावरसुद्धा. कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं असणार. बसा हसत.

खोली झकास आहे, खोटं कशाला बोलू. पलंग मऊ, टेबल, खुर्ची, पलीकडे न्हाणीघर. खिडकी नाही. दाराशेजारी भिंतीत एक झडप आहे, तिच्यातून जेवण येणार, धुतलेले कपडे येणार. कॅमेरे चार, न्हाणीघरात एकही नाही, तसं त्यांनी लिहून दिलंय. घड्याळ नाही. घंटा झाली की सकाळ समजायची. दाराजवळ लाल बटण आहे. ते दाबलं की खेळ संपला, पाच मिनिटांत बाहेर, असं सूत्रसंचालकाने तीनतीनदा घोकून घेतलं माझ्याकडून. शंभर दिवस ते दाबायचं नाही, एवढंच माझं काम.

शंभर दिवस काढले की दोन खोल्यांचं घर. मी आणि माझी लेक गेली सहा वर्षं ताईकडे एका खोलीत राहतोय, लेकीचे बाबा गेल्यापासून. लेकीला भिंगरी म्हणते मी, कारण नऊ वर्षांत एका जागी बसलेली पाहिली नाही. तिला स्वतःचं दार हवंय, आदळायला. माझ्यावर रागावली की सध्या तिला कपाटाच्या दारावर भागवावं लागतं. निघताना तिने विचारलं की नव्या घरात दार आदळलं तर चालेल का. म्हटलं, बिजागऱ्या निखळेपर्यंत आदळ.

एक गंमत लिहून ठेवते. शेवटच्या निवडीला आम्ही अकरा बायका होतो आणि सगळ्या एकाच मापाच्या. तीच उंची, तीच अंगलट, तसाच लांबट चेहरा. टीव्हीवाल्यांना काय लहर येईल सांगता येत नाही. मग कपडेवाल्या बाईने माझी मापं घेतली, तीही तब्बल चाळीस. चार करडे शर्ट आणि दोन पँटींसाठी गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर कशाला लागतं? गळा तीन ठिकाणी मोजला. बारा वर्षं कपडे उसवून बेतून देतेय मी लोकांचे, मला शिकवताय? पण गप्प बसले. नवीन जागी पहिल्याच दिवशी तोंडाचा पट्टा सोडू नकोस, असं ताईने बजावलंय.

७ मार्च, दिवस ५

या वहीचा नियम असा: रोज एक पान लिहायचं, घंटा झाली की वही झडपेत ठेवायची, चहाबरोबर ती परत येते. निवेदनाला लागतं म्हणे. सोबत चिठ्ठी येते, आजचा विषय. पान लिहिलं नाही तर रविवारी भिंगरीचा एक मिनिटाचा निरोप मिळत नाही. मग काय, लिहितेय.

आजचा विषय: तुमची लेक सकाळी कशी उठते. उठत नाही, हे उत्तर. तीन हाका मारायच्या, तिसरी तिच्या पूर्ण नावाने. मग पांघरूण ओढायचं. मग ती पायाने परत ओढणार, तेव्हा तळव्याला एक बोट लावायचं. दोन वेण्या, उजवी आधी. घट्ट घालते मी, ती ओरडते, मी म्हणते सैल घातली तर दुपारपर्यंत झिपरी होशील. रोज हेच. लिहिताना हसू आलं. चार दिवसांत घर इतकं आठवेल असं वाटलं नव्हतं.

१४ मार्च, दिवस १२

रविवारचा निरोप ऐकून झाल्यापासून डोकं ताळ्यावर नाही. भिंगरीने अख्खं मिनिट ताईच्या मांजरीबद्दल सांगितलं. माझ्याबद्दल एक शब्द नाही. शेवटी, आई लवकर ये, तेही घाईघाईत, कोणीतरी कोपराने ढोसल्यासारखं. मी तीनदा ऐकवा म्हणून सांगितलं, एकदाच ऐकवलं.

खुर्चीचा एक पाय आखूड आहे. बसलं की डुगडुगते. चिठ्ठी लिहून दिली, खुर्ची तशीच. उशीच्या अभ्र्याची शिवण अशी दिलीय की बघवत नाही, टाके कुठे दाट तर कुठे विरळ. हात नुसते शिवशिवतायत. सुई मागितली तर म्हणे सुई धोकादायक असते. बारा वर्षांत मी कुणाला सुईने मारलेलं नाही, अजून तरी.

२५ मार्च, दिवस २३

आज धुतलेला शर्ट आला तो माझा नव्हता. म्हणजे करडा तोच, कापड तेच, नंबरही माझाच. पण घातला आणि अंगावर वाकडा बसला. उलटा करून पाहिला. कडेची शिवण उसवून पुन्हा मारलीय, जुन्या टाक्यांची भोकं तशीच दिसतात. आणि उजव्या खांद्यात आतून पातळ पॅड घातलाय, हातशिलाईने, झाकून.

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. मशीनवर वाकून वाकून झालाय. माझ्या शर्टाला पॅड लागत नाही, माझा खांदा जन्मभराचा तिरका आहे. ज्या बाईचे दोन्ही खांदे सरळ आहेत आणि तिला माझ्यासारखं दिसायचंय, तिच्या उजव्या खांद्याला पॅड लागेल.

काय वाटेल ते लिहितेय मी. कपडेवाल्या बाईला शिवणकाम येत नाही, एवढाच अर्थ. वाचताय ना? तिला काढून टाका.

२६ मार्च, दिवस २४

शर्ट बदलून आला. पॅड नाही. चिठ्ठीवर माफी मागितलीय, धुण्यात गफलत झाली म्हणे. कुणाच्या धुण्यात? इथे तर मी एकटीच आहे.

७ एप्रिल, दिवस ३६

विषय डोक्यात जायला लागलेत. तुम्ही रागावता तेव्हा आधी कोणता शब्द बोलता. शिंकल्यावर काय म्हणता. ताईशी भांडण झालं तर आधी कोण बोलतं. चहाचा कप कोणत्या हातात धरता. कॅमेरे लावलेत ना चार, बघा की. त्यांना हेही लिहून हवंय की लेकीला जवळ घेता तेव्हा तुमची हनुवटी तिच्या डोक्यावर येते की खांद्यावर. हे कोण बघणार आहे टीव्हीवर? कोणाला पडलीय?

लिहिलं. डोक्यावर येते. रविवारचा निरोप हवाय मला.

काल जेवणात चमचा नव्हता. सांगितलं तर दोन जेवणं झाल्यावर तीन चमचे आले. या माणसांशी बोलायचं तर भिंतीशी बोललेलं परवडलं. तेही करून झालंय.

१२ एप्रिल, दिवस ४१

आज भिंतीपलीकडे गलका होता. टाळ्या, वाद्यं, सूत्रसंचालकाचा आवाज. शब्द कळेनात. मी दाराला कान लावून उभी राहिले. टाळ्या इतका वेळ चालल्या की मला वाटलं कोणीतरी जिंकलं. पण स्पर्धक मी एकटीच असल्याचं सांगितलं होतं. चिठ्ठीत विचारलं. उत्तर नाही. विषय मात्र आला: बऱ्याच दिवसांनी घरी गेलात तर उंबऱ्यात पहिलं काय बोलाल.

लिहिलं, माझी भिंगरी कुठाय. दुसरं काय बोलणार?

१५ एप्रिल, दिवस ४४

रविवार गेला, निरोप नाही. तीन दिवस विचारतेय. रोजची पानं भरलीत मी, एकही चुकवलेलं नाही. नियम त्यांचे, मोडायचेही त्यांनीच. तळपायाची आग मस्तकात गेलीय. खुर्ची आपटली भिंतीवर. आता दोन पाय आखूड आहेत.

विषय: लेक रुसली तर किती वेळ बोलत नाही, आणि कशाने हसते.

एवढं लिहिते आणि झोपते. दोन तास बोलत नाही. आणि मी तिच्या चालीची नक्कल केली की हसते.

२३ एप्रिल, दिवस ५२

धुण्याचं गाठोडं आलं. वर दोन करडे शर्ट. खाली माझा निळा शर्ट.

माझा. घरचा. खिशाला मी स्वतः आतून दुसऱ्या कापडाचा तुकडा लावलाय, पेनची शाई गळून डाग पडला होता म्हणून. तो मी इथे आणलेला नाही. इथे घरचं काही आणू देत नाहीत. तो ताईच्या कपाटात, डाव्या बाजूला, घडी घालून ठेवला होता.

त्यावर खडूच्या खुणा. कमरेला चार टाचण्या. उजव्या खांद्यात पॅड. गळ्यापाशी दुसऱ्याच कुणाच्या घामाचा वास. आणि काजात दोऱ्याने बांधलेला कागद: घर, दिवस ११, कंबर आत घ्या.

मी बसून बोटांवर मोजलं. आज बावन्न. अकरा दिवस मागे मोजले की बेचाळीस. गलका झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला दिवस.

कोणीतरी माझ्या घरात राहतंय. माझा शर्ट घालून.

मग माणसं धावत आली असावीत, बाहेर पावलं वाजली. झडपेतून एक हात आत आला, गाठोडं मागत. मी निळा शर्ट सोडला नाही. त्याने ओढला. बाही खांद्यातून उसवली. बाही माझ्याकडे राहिली.

२४ एप्रिल, दिवस ५३

घंटा होताच लाल बटण दाबलं. पाच मिनिटांत बाहेर.

पाच मिनिटं गेली. पन्नास गेली असतील. अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मग चिठ्ठी आली, सुबक अक्षरात: आपण एकेचाळिसाव्या दिवशी बाहेर पडलेल्या आहात. आपलं अभिनंदन. आजचा विषय: भिंगरीला आजारपणात काय आवडतं.

मी चिठ्ठी फाडली. मग जोडून पुन्हा वाचली. त्यांनी भिंगरी लिहिलंय. आधी लेक लिहायचे.

दिवस ५५

लिहिणार नाही म्हणून सांगितलं. कालचं पान कोरं दिलं. माझी लेक मला दाखवा, नाहीतर एक अक्षर मिळणार नाही.

दाखवली नाही, ऐकवली. आवाज आला छतातून. निरोप माझ्यासाठी नव्हता. ती कुणा बाईच्या प्रश्नांना उत्तरं देत होती, टीव्हीसाठी. म्हणाली, आई घरी आली. जरा बारीक झालीय, केस कापलेत, कमी बोलते. आधी वेगळी वाटली, पण मावशी म्हणते चाळीस दिवस एकटी राहिली, माणूस बदलणारच. मग त्या बाईने विचारलं, आवडतं का आईचं असं बदलणं. भिंगरी म्हणाली, हो. आई आता चिडत नाही. वेण्या सैल घालते, दुखत नाही.

मी छताकडे तोंड करून ओरडले की ती मी नाही. किती वेळ ओरडले कोण जाणे. आवाज बसलाय.

ताईला कळू नये? सख्खी बहीण माझी. पण तिलाही सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, बदलून येईल. मीच सांगितलं होतं निघताना हसत हसत, की शंभर दिवसांनी ओळखूही येणार नाही मी तुला.

दिवस ५७

सगळं या वहीतून गेलं. तीन हाका, तळव्याला बोट, उजवी वेणी आधी. हनुवटी कुठे. मी एकटीने, माझ्या हाताने, रोज एक पान. ती बाई त्या अकरापैकीच एक असेल. तिला रोज सकाळी माझं पान वाचून दाखवत असतील. शाळेतल्या गाईडसारखी झालेय मी तिची. आणि लोक घरोघरी बसून बघतायत, घरच्यांना कधी कळतं ते. हाच कार्यक्रम आहे. मी नव्हतेच कधी कार्यक्रम.

म्हणजे कळेपर्यंत मी इथे. आणि मी जितकं चांगलं लिहीन तितकं उशिरा कळेल.

ठीक आहे. आता माझं लिहिणं बघा.

आजचा विषय होता, भिंगरी फार गप्प असली तर काय करता. लिहितेय: तिच्या बाबांचा विषय काढते. ते कसे गेले ते पहिल्यापासून सांगायला लावते. तिला फार बरं वाटतं.

दिवस ५८

चिठ्ठी: कालची माहिती चुकीची निघाली. मूल दोन तास रडलं. जेवलं नाही. कृपया खरं लिहा.

मूल जेवलं नाही.

मी केलं हे. त्या बाईला पाडायला गेले आणि पोरीला—

तरी कुणाला संशय नाही. ताईने भिंगरीलाच समजावलं असेल, आई दमलीय म्हणून.

दिवस ६०

खरं लिहिते. खोटं नाही लिहिणार पुन्हा. पण एक गोष्ट मी लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही.

भिंगरीला दम लागतो. ताईला माहीत आहे, पंप कुठे असतो तेही. पण मोठा दम असला तर पंपाने भागत नाही, ती घाबरते, औषध आत ओढतच नाही. तेव्हा मी दार लावून घेते. ताई बाहेर रडत बसते, तिला बघवत नाही. आत मी काय करते ते मला आणि भिंगरीला माहीत आहे, तिसऱ्या कुणालाही नाही.

ते माझं आहे. तेवढं ठेवतेय. विचारा हवं तितकं. त्या दिवशी तुमच्या बाईचं पितळ उघडं पडेल. दार लावेल आणि नुसती उभी राहील. भिंगरी बघेल तिच्याकडे. तिला कळेल.

दिवस ६१

विषय: दम लागल्यावर काय करता.

पान कोरं.

दिवस ६२

तोच विषय. अधोरेखित.

कोरं. जेवण नाही आलं. नको मला. मी वाट बघतेय. कधी एकदा—

कशाची वाट बघतेय मी? तिला दम लागण्याची. आई आहे मी तिची आणि—

नाही. पंपाने भागतं बहुतेक वेळा. दहातून नऊ वेळा भागतं. भागतं.

दिवस ६३

घंटा झालेली नाही. झडप उघडीच आहे. चिठ्ठी. सुबक अक्षर नाही, भराभर खरडलेलं—

श्वास लागला आहे. पंप दोनदा दिला. उपयोग नाही. डॉक्टर वाटेत. तुम्ही काय करता, लगेच लिहा.

खोटं असेल. डाव असेल त्यांचा. त्या दिवशी मी लिहिलं म्हणून—

छतातून आवाज. शिट्टीसारखा. लांब, मग तुटक. तो तिचाच. हजारात ओळखेन.

डाव असला तरी चालेल. लिहितेय. थांबा. वही ओढू नका, लिहितेय—

आडवी करू नका. बसवा. तुम्ही मागे बसा, तिची पाठ तुमच्या छातीला. सगळ्यांना बाहेर काढा. दार लावा. बोलू नका, धीर देऊ नका, ती आणखी घाबरते. मशीनच्या खणात माप घ्यायची टेप आहे, पिवळी. ती तिच्या छातीभोवती लावा, बगलेच्या खाली. सैल. टोक तिच्या हातात द्या, तिलाच आकडा वाचू दे. आकडा बघते तेव्हा ती घाबरायचं विसरते. म्हणा, श्वास घेऊन छातीने टेप ढकल. फक्त अर्धा इंच. लढाई नाही, अर्धा इंच. ढकलला की पंप. तेव्हाच. आधी नाही—

घेतलीत ना टेप? सांगा कुणीतरी. ओठ कसे आहेत? रंग सांगा—

कुणी बोलत नाही. आवाज बारीक झालाय. बरं आहे म्हणून की—

बाई, ऐका. तुम्ही. कॅमेऱ्यातून वाचताय ना तुम्ही. तिथेच राहा, मी काही म्हणत नाही, तिला तुम्हीच आई वाटा, मला चालेल. हनुवटी तिच्या डोक्यावर ठेवा. घाई करू नका. तुम्ही घाबरलात तर पाठीतून तिला कळतं. आकडे मोठ्याने म्हणा, हळू, माझ्यासारखे, मी म्हणते तसे, माझ्याबरोबर—

बावीस. थांब. ढकल. साडेबावीस. बघ, सरकली. पुन्हा. तेवीस. दमलीस? थांब मग, मी आहे. हं, आता. साडेतेवीस. शाबास. पंप घे. ओढ. अजून एकदा, एवढीच, ढकल, चोवी